तीन फूट की तीन मैल

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला आठवी ते दहावी जीवशास्त्र शिकवलं. पाऊस उघडला की ते वर्ग ओढ्यावर न्यायचे. एकदा बाभळीच्या ढोलीतलं सातेरी माश्यांचं मोहोळ दाखवून त्यांनी आम्हाला हात मागे बांधून उभं केलं आणि सांगितलं, आता पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. मी माश्या मोजत उभी राहिले. किती आत गेल्या, किती बाहेर आल्या. पुढे माझं आयुष्य हिशेबात जाणार याची ती खूण होती, असं घरच्यांना वाटलं असतं. तसं ते गेलंही, अकरा वर्षं. त्यानंतरची अठरा वर्षं मात्र मी मधमाश्या पाळते आहे.

संयोजकांनी मला विषय दिला आहे तो खुर्चीबाहेरच्या करिअरचा. समोर कॉलेजातली मुलं-मुली बसली आहेत, आणि मागच्या रांगेत त्यांचे आई-वडीलही दिसतात. मला आधी त्या मागच्या रांगेशी बोलायचं आहे.

माझे वडील माण तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी. 1972च्या दुष्काळात माझी आई मला झोळीत घालून लिंबाखाली टांगायची आणि समोर खडी फोडत बसायची. त्या घरातल्या मुलीला पतसंस्थेत हिशेबनिसाची खुर्ची मिळाली तेव्हा वडील पेढे घेऊन तीन गावं फिरले. खुर्ची म्हणजे सावली, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि कुणी 'अहो' म्हणण्याचा मान. आपल्याकडे दोन-तीन पिढ्या उन्हातून सावलीत येण्यासाठी राबल्या. तेव्हा कुणी शहाणपणाने उठून 'खुर्ची सोडा, निसर्गात जा' असं सांगू लागलं की मला राग येतो. ज्याला ऊन टाळता येतच नाही, त्या ऊसतोडीच्या माणसाला कसली आली आहे निवड? मी बोलते आहे ते ज्यांना निवड करता येते त्यांच्याबद्दल. ती निवड त्यांना कुणीतरी स्वतःची कंबर मोडून मिळवून दिली आहे, हे विसरून मी बोलणार नाही.

पण सावलीचीही किंमत असते. 1953 साली जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसमध्ये, एकाच थरातले. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी आढळला, आणि जो आढळला तो बऱ्याचदा सौम्य होता. त्यांनी टपाल खात्यातही पाहिलं, तर तिथेही पायी टपाल वाटणारे पोस्टमन आणि बसून काम करणारे कारकून यांच्यात तसाच फरक दिसला. आज हे सगळं आपण गृहीत धरतो. त्या वेळी मात्र बसण्याचा आणि हृदयाचा संबंध असू शकतो हेच नवं होतं.

मी काही मॉरिस वाचून नोकरी सोडली नाही. माझी कंबर दुखत होती, एवढंच. कामाचा मला तिटकाराही नव्हता. ताळेबंद जुळला की आजही मला आनंद होतो. झालं असं, की एका सभासदाने मधपेट्यांसाठी कर्ज मागितलं आणि तारण बघायला त्या दिवशी दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मला पाठवलं. जावळीच्या बाजूला, जांभळीच्या झाडांखाली तीस पेट्या मांडलेल्या. त्या माणसाने एक पेटी उघडून फ्रेम उन्हाकडे धरली. मी अहवालात पेट्यांची संख्या लिहायला वाकले, आणि मला ओढ्यावरची पाच मिनिटं आठवली. कर्ज मंजूर झालं. पुढचे चार रविवार मी त्याच्याकडे जात राहिले.

मग मी रजा टाकून पुण्याला गेले. शिवाजीनगरला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची, 1962 सालची. तिथे पेटी बांधणं, राणी ओळखणं, रोग ओळखणं हे सगळं शिकवतात. पण तिथे ऐकलेला एक नियम मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला. पेटी हलवायची असेल तर एका वेळी तीन फुटांपेक्षा कमी, नाहीतर एकदम तीन मैलांपेक्षा जास्त. कारण माशी पेटी ओळखत नाही, जागा ओळखते. बाहेर पडताना आजूबाजूच्या खुणा ती डोळ्यांत साठवते. पेटी दोन फूट सरकली तर घिरट्या घालून दार सापडतं. तीन मैलांपलीकडे नेली तर सगळाच परिसर अनोळखी होतो, म्हणून ती नव्याने खुणा घेते. पण मधल्या अंतरावर, म्हणजे बांधापलीकडे दोनशे फुटांवर नेलीत, तर ती ओळखीच्या वाटेने जुन्या जागी परत जाते आणि तिथल्या रिकाम्या दगडावर गोळा होऊन बसते. संध्याकाळी थंडी पडते. तशा माश्या सकाळी उचलाव्या लागतात.

मी दोन वर्षं तीन-तीन फुटांनी सरकले. नोकरी चालू, घरामागे पाच पेट्या, मग दिराच्या शेतात दहा. सकाळी सातला पेटी उघडायची, दहाला काउंटर उघडायचा. पहिल्या वर्षी दोन वसाहती पळून गेल्या आणि एक मेणकिड्याने खाल्ली. पगार होता म्हणून ते सोसलं. मग चाळीस पेट्या झाल्यावर मी राजीनामा दिला, तो तीन मैलांचा टप्पा. माझ्याकडे येणारी बरीच मुलं मधल्या अंतरावर अडकलेली असतात. नोकरी सोडलेली असते, आणि मन मात्र रोज दहा वाजता जुन्या टेबलाशी जाऊन बसतं. महिन्याचा पगार, गावातलं नाव, सोबतचे मित्र या सगळ्याच्या खुणा तशाच असतात. त्यांना मी सांगते, एक तर अजून थोडं थोडं सरका, नाहीतर खरंच लांब जा.

आता 'लवचीक' या शब्दाविषयी. माझं काम लवचीक आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. पण त्याचा अर्थ लोकांना वाटतो तो नाही, म्हणून जरा थांबून सांगते.

पेटीतली कामकरी माशी हंगामात साधारण सहा आठवडे जगते. जन्मल्यावर पहिले काही दिवस ती कोठड्या साफ करते. मग ती दाई होते, अळ्यांना भरवते. पुढे तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेण झरू लागतं, तेव्हा ती गवंडीकाम करते. मग इतरांनी आणलेला मकरंद उतरवून घेते, पंख हलवून त्यातलं पाणी उडवते, काही दिवस दारावर पहारा देते. साधारण तीन आठवड्यांची झाली की ती बाहेर पडते, आणि मग पंखांच्या कडा फाटेपर्यंत फुलांवर फिरते. घरातलं काम तरुणपणी, बाहेरचं काम उतारवयात. आपल्या रीतीच्या अगदी उलट आहे हे.

याहून नवल पुढे आहे. वसाहतीतल्या तरुण दाया काढून घेतल्या, तर बाहेर फिरणाऱ्या काही म्हाताऱ्या माश्या परत आत येतात आणि अळ्यांना भरवू लागतात. त्यांच्या डोक्यातल्या आटलेल्या दुधाच्या ग्रंथी पुन्हा पाझरतात. उलट, बाहेरच्या माश्या कमी झाल्या तर कोवळ्या माश्या वेळेआधीच उडायला लागतात. वय ठरलेलं असतं, काम मात्र घराची गरज ठरवते. लवचीकपणा मी या पेटीत पाहिला, आणि तिथे 'मला हवं तेव्हा' हे शब्द नाहीत.

माझं वर्षच सांगते. भाद्रपद-अश्विनात कारळा पिवळाधमक फुलतो, तेव्हा पावसाने खंगलेल्या वसाहती सावरतात. दिवाळीनंतर तूर असते. दोन वर्षं मी थंडीत राजस्थानात मोहरीवर पेट्या नेल्या, त्यासाठी महिनाभर शेताच्या बांधावर तंबूत राहावं लागलं. माघ-फाल्गुनात बियाण्याचा कांदा फुलतो. मग चैत्राच्या आसपास घाटावर जांभूळ, त्यानंतर हिरडा. मृग लागला की महाबळेश्वरच्या बाजूला माशीला उडायला उसंत मिळत नाही. तेव्हा साखरेचा पाक द्यायचा, पेटीच्या पायाखालच्या वाट्यांत मुंगळ्यांसाठी पाणी भरायचं, फ्रेमा दुरुस्त करायच्या. श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी दोन वाजता मी ओसरीवर पुस्तक वाचत असते, आणि रस्त्याने जाणारी बाई म्हणते, तुमचं बरं आहे. खरंच बरं आहे. पण फाल्गुनात माझ्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला मी अक्षतांपुरतीही पोहोचू शकले नव्हते, कारण त्या रात्री पेट्या हलवायच्या होत्या. कांद्याचं फूल माझी वाट बघत नाही.

कांद्याचंच सांगते, कारण माझ्या मिळकतीतला मोठा वाटा मधाचा नाही, पेट्यांच्या भाड्याचा आहे, आणि हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कांद्याच्या गोंड्यात शेकडो बारकी फुलं असतात, ती एकदम उमलत नाहीत. प्रत्येक फुलात आधी पराग तयार होतो आणि तो सांडून गेल्यावर मग स्त्रीकेसर पिकतो. म्हणजे फुलाला स्वतःचा पराग कामाचा नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यायला हवा. संकरित बियाण्यात तर मादी ओळींना पराग नसतोच. तिथे माशी आली नाही तर गोंडा दिसतो भरलेला आणि हाताला लागतं भुसकट. देऊळगाव राजा, जालना या पट्ट्यातले बीजोत्पादक शेतकरी म्हणून पेट्या मागवतात. काकडी, कलिंगड, भोपळा यांत नर आणि मादी फुलं वेगवेगळी, आणि ती सकाळीच उमलून दुपारपर्यंत मिटणार. तिथे उशिरा येऊन भागत नाही. मध विकून जगायचं ठरवून या कामात येणाऱ्यांना मी भाड्याचा हिशेब आधी दाखवते. मधात आणखी एक मोह असतो. माश्यांनी कोठड्यांवर मेणाचं झाकण घालण्याआधी मध काढला तर तो वजनाला जास्त भरतो, पण त्यात पाणी वीस टक्क्यांवर राहतं आणि तो आंबतो. आठ दिवस थांबणं हेच तिथलं कौशल्य.

एडमंड हिलरींचं नाव तुम्हाला एव्हरेस्टमुळे माहीत आहे. त्यांनी ऑकलंडच्या विद्यापीठात दोन वर्षं काढून ते सोडलं आणि ते वडिलांच्या आणि भावाच्या मधमाश्यांच्या धंद्यात आले. पंधराशेच्या वर पेट्या, चाळीस किलोच्या आसपास भरणारे मधाचे खोके उचलायचे, रोज दंश. पण हे काम उन्हाळ्याचं, म्हणून हिवाळा डोंगरांसाठी मोकळा राहायचा. 1953 साली तेनझिंग यांच्याबरोबर ते शिखरावर पोहोचले तेव्हाही त्यांचा व्यवसाय मधमाशीपालन हाच होता. ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. मग मी विचारते, हिलरी हिमालयात होते तेव्हा पेट्या कोण बघत होतं? त्यांचे भाऊ, रेक्स.

माझ्याकडे माझ्या जाऊबाई आहेत. मी राजस्थानात होते तेव्हा माझ्या मुलाची दहावी होती. त्याचा डबा, त्याचा ताप, रात्री अकराला त्याच्या शेजारी बसणं हे सगळं त्यांनी केलं. माझ्या कामात जी लवचीकता आहे, तिचा अर्धा भाग त्यांच्या न वाकणाऱ्या वेळापत्रकावर उभा आहे. आज त्या सभागृहात आहेत. त्यांच्यासमोर हे बोलायचं मी ठरवूनच आले होते.

शरीराचं आता थोडक्यात. खुर्चीतली कंबरदुखी गेली आणि उचलण्याची कंबरदुखी आली, म्हणून आता मी एकटीने भरलेली पेटी उचलत नाही. दंश रोजचेच. नांगी नखाने खरवडून काढायची आणि पुढच्या फ्रेमकडे वळायचं. पण काही माणसांना एका दंशानेही श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो, जीवावर बेततं. माझ्याकडे शिकायला आलेला एक हुशार, कष्टाळू मुलगा पहिल्याच महिन्यात असा दवाखान्यात गेला. त्याला हे काम सोडावं लागलं. त्याची काही चूक नव्हती. शरीराची कामं निवडताना शरीरालाही मत असतं, आणि ते आधी विचारलेलं बरं. कष्टाची हौस असणं वेगळं आणि ते कष्ट शरीराला मानवणं वेगळं.

आणि एक सकाळ सांगते. बारा वर्षांपूर्वीची, बियाण्याच्या शेतातली. बावीस पेट्या होत्या. शेजारच्या वावरात पहाटेच फवारणी झाली. तिथल्या शेतकऱ्याला माझ्या पेट्यांची कल्पना नव्हती, आणि मी त्याला सांगायला गेले नव्हते. नऊच्या सुमाराला प्रत्येक पेटीच्या दारासमोर ओंजळ-ओंजळ माश्या पडलेल्या होत्या. जीभ बाहेर, पाय हलताहेत, गोल गोल फिरताहेत. आतून त्यांच्या बहिणी येत होत्या आणि एकेक मेलेली माशी ओढून बाहेर टाकत होत्या. पतसंस्थेत मी थकलेली कर्जं बुडीत खात्यात टाकत असे. आकडा मोठा असला तरी तो कागदावर असे. इथे नुकसान दारात पडलेलं होतं, आणि ते मला झाडूने गोळा करायचं होतं. तो शेतकरी दुपारी आला, डोक्याला हात लावून बांधावर बसला. तेव्हापासून मी कुठेही पेट्या मांडल्या की आधी चारही बांधांवरच्या घरी जाते, चहा घेते, फोन नंबर देते आणि विनंती करते की फवारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारा. या कामातला निम्मा वेळ माणसांशी बोलण्यात जातो. एकांत मिळेल म्हणून इकडे येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

एका आजाराने सगळं जाऊ शकतं, हेही सांगितलं पाहिजे. 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने केरळ-कर्नाटकातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. पिढ्यान्पिढ्या माश्या पाळणारी कुटुंबं रिकाम्या पेट्या घेऊन बसली. म्हणून मी दोन्ही जाती ठेवते. घरामागे आपली सातेरी, आणि फिरतीसाठी युरोपातून आलेली मेलिफेरा, जी 1962 साली नगरोटा बगवानला पहिल्यांदा आपल्याकडे नीट रुजली. आणि पतसंस्थेत शिकलेली दुसरी सवयही ठेवली आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असल्याशिवाय मी नव्या पेट्या घेत नाही.

दरम्यान बरंच बदललं आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्यानंतर भुदरगड तालुक्यातलं पाटगाव. तिथली मुलं आज पर्यटकांना पेटी उघडून दाखवतात. मी सुरुवात केली तेव्हा या धंद्याला नावही नव्हतं, बँकेच्या फॉर्ममध्ये व्यवसायापुढे 'इतर' लिहावं लागे.

वडिलांनी माझ्याशी आठ महिने अबोला धरला होता. मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला ज्या उन्हातून उचललं होतं, तिथेच मी परत जाऊन उभी राहिले होते. त्यांना काय समजावणार? त्या वर्षी त्यांनी रब्बीत सूर्यफूल केलं होतं. दरवर्षी त्यांची तक्रार असे की फूल ताटाएवढं होतं आणि मधला भाग पोचट निघतो. मी न विचारता रात्री दहा पेट्या आणून त्यांच्या बांधावर मांडल्या. सकाळी ते आले, बघितलं, काही बोलले नाहीत. फुलोरा संपेपर्यंत ते रोज सकाळी बांधावर येऊन बसत आणि माश्या बघत. काढणीच्या वेळी त्यांनी एक फूल हातात घेतलं, अगदी मधले दाणे उपटले आणि नखाखाली दाबून एकेक फोडून बघितले. सगळे भरलेले. ते फूल घेऊन ते घरात गेले आणि देव्हाऱ्यासमोर ठेवलं. माझ्याशी बोलले ते एवढंच, की या पेट्यांवर दुपारचं ऊन येतं, उद्या तिथे छप्पर घालू. छप्पर त्यांनी स्वतः घातलं, ज्वारीच्या कडब्याचं. ते आता नाहीत, त्या बांधावर मी अजून दरवर्षी पेट्या ठेवते.

मी संयोजकांना सुरुवातीलाच विनंती केली होती की व्याख्यान साडेआठच्या पुढे नेऊ नका. बाहेर मैदानात टेम्पो उभा आहे, तो येताना तुम्हाला दिसला असेल. दिवस मावळल्यावर, शेवटच्या माश्या आत गेल्यावर, माझ्या मुलाने साठ पेट्यांची दारं जाळीने बंद केली आहेत. उद्या ऊन चढायच्या आत त्या देऊळगाव राजाच्या पुढे कांद्याच्या शेतात उतरवायच्या आहेत, आणि दारं उघडायची आहेत. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांनी टेम्पोपाशी यावं. फक्त हातातल्या बॅटऱ्या पेट्यांच्या जाळीवर मारू नका, माश्या उजेडाकडे झेपावतात.